संत्र्याची साल किती वॉटला येते: व्हेपच्या लिक्विडची चव आणि उष्णता

माझ्या वहीच्या पहिल्या पानावर दोनच ओळी आहेत. पहिली: "संत्रं, १६ वॉट. संत्रं नाही, नुसता गोडवा." दुसरी, दुसऱ्या दिवशी सकाळची: "तेच लिक्विड, ११ वॉट. साल आली!" संत्रं सोलताना बोटांना जो तेलकट, नाकात झिणझिण्या आणणारा वास लागतो, तो मला म्हणायचा होता. बाटली तीच, कॉइल (व्हेपमधली, म्हणजे ई-सिगारेटमधली, लिक्विड तापवून वाफ करणारी तार) तीच, तिच्याभोवतीचा कापूससुद्धा तोच. मधे फक्त पाच वॉट कमी केले होते.

सुगंधी तेलांच्या प्रयोगशाळेत मी नऊ वर्षं ऊर्ध्वपातनाचं काम केलं आहे. एकाच भांड्यातलं तेल हळूहळू तापवत नेलं की आधी हलके, चटकन उडणारे घटक बाहेर येतात, मग मधले, आणि शेवटी जड, रेंगाळणाऱ्या वासाचे. कोणता भाग कधी वेगळा काढायचा यावरच तेलाची जात ठरते. त्या सकाळी माझ्या लक्षात आलं की कॉइलवर हेच चाललंय, फक्त तासांऐवजी दोन-तीन सेकंदांत. तेव्हापासून मी प्रत्येक लिक्विडची नोंद ठेवते, आणि या लेखात आहे ते बहुतेक त्या वहीतूनच आलेलं आहे.

एक गोष्ट आधीच सांगते. मी चौदा वर्षं सिगारेट ओढली आणि व्हेपवर येऊन ती सोडली. ज्यांनी कधी सिगारेट ओढलेली नाही त्यांनी चवीच्या ओढीने हे हातात घेऊ नये. निकोटीनची सवय लागायला वेळ लागत नाही आणि सुटताना जीव मेटाकुटीला येतो. हे सगळं लिहिलंय ते आधीच या वाटेवर असलेल्या मोठ्या माणसांसाठी.

वॉट म्हणजे तापमान नव्हे

सगळ्यात जास्त गोंधळ इथे होतो. वॉट म्हणजे तारेत दर सेकंदाला किती ऊर्जा जाते तो आकडा. तार किती तापेल हे त्या ऊर्जेचं पुढे काय होतं यावर ठरतं. पातेल्यात पाणी आहे तोवर बूड करपत नाही, कारण आच पाण्याची वाफ करण्यात खर्ची पडते. पाणी आटलं की तीच आच बुडाला लागते. कॉइलचंही तसंच आहे. भोवतीचा कापूस ओला आहे तोवर तारेचं तापमान लिक्विडच्या उत्कलनबिंदूच्या आसपास घुटमळतं. कापूस सुकू लागला की ते झपाट्याने चढतं. तार अंधारात जेमतेम लाल दिसू लागली तरी ती ५०० अंशांच्या पुढे गेलेली असते.

लिक्विडचा मूळ पाया दोन पदार्थांचा असतो. प्रॉपिलीन ग्लायकॉल, म्हणजे पीजी, १८८ अंश सेल्सिअसला उकळतं. ग्लिसरीन, म्हणजे व्हीजी, २९० अंशांना. मिश्रण या दोहोंच्या मधे कुठेतरी उकळतं, आणि पीजी जितकं जास्त तितकं लवकर. म्हणून पीजी जास्त असलेलं लिक्विड कमी आचेवर सुटतं, चव धारदार लागते आणि घशालाही चांगलंच जाणवतं. व्हीजी जास्त असेल तर वाफ जाड आणि मऊ येते, पण तिला आच जास्त लागते आणि चवीच्या कडा बोथट होतात.

यात कॉइलच्या तारेचा पृष्ठभाग, कापूस किती घट्ट भरलाय, हवा किती सोडलीय, झुरका किती लांब आहे आणि दोन झुरक्यांत किती वेळ जातो हे सगळं मिळवा. एका कॉइलवर १५ वॉट म्हणजे कोमट वाफ, दुसऱ्या कॉइलवर तेच १५ वॉट म्हणजे करपलेला कापूस. म्हणून "मी १५ वर ओढतो, तूही ओढ" या सल्ल्याला काही अर्थ नाही. माझ्या वहीतले आकडेही तुमच्या उपयोगाचे नाहीत. पद्धत मात्र उपयोगाची आहे.

कोण आधी सुटतं

फळांच्या वासातले वरवरचे, ताजे घटक बहुतेक हलके असतात. अननसाची आठवण करून देणारं इथाइल ब्युटिरेट १२१ अंशांना उकळतं, पिकल्या केळ्याचं आयसोअमाइल अॅसिटेट १४२ ला, आणि संत्र्याच्या सालीतलं लिमोनीन १७६ ला. मधल्या टप्प्यात चेरी आणि कडू बदामाचं बेंझाल्डिहाइड येतं, १७९ च्या आसपास. मेंथॉल २१२ ला. दालचिनीचा मुख्य घटक २५० च्या जवळ. आणि व्हॅनिलिन थेट २८५ ला.

हे आकडे शुद्ध पदार्थांचे आहेत. लिक्विडमध्ये विरघळलेला पदार्थ स्वतःच्या उत्कलनबिंदूच्या पुष्कळ खालीही वाफेबरोबर निघतो, त्यामुळे व्हॅनिलासाठी कॉइल २८५ ला न्यायची गरज नसते आणि तसं करूही नये. आकड्यांवरून कळतो तो फक्त क्रम: कोण आधी धावतं आणि कोण मागे राहतं.

आच वाढवली की हलके घटक नाहीसे होत नाहीत. जड घटक इतक्या प्रमाणात येऊ लागतात की हलक्यांचा आवाज त्यांच्याखाली दबतो. काही नाजूक रेणू जास्त उष्णतेत तुटतातही. माझ्या १६ वॉटच्या संत्र्याचं तेच झालं होतं. त्यात गोडव्यासाठी घातलेलं इथाइल माल्टॉल भरभरून येत होतं आणि साल त्याखाली गाडली गेली होती.

व्हॅनिला, कस्टर्ड, कॅरमल, तंबाखू या कुळातल्या चवींना उलटं लागतं. कमी आचेवर त्या पुठ्ठ्यासारख्या लागतात. माझ्याकडच्या एका व्हॅनिला कस्टर्डला मी १२ वॉटवर नावं ठेवून बाजूला सारलं होतं. पुढे तेच १७ वर ओढलं तेव्हा अंड्याचा, भाजल्या साखरेचा मऊपणा त्यात होता. ज्या लिक्विडमध्ये फळ आणि साय दोन्ही आहेत, तिथे तडजोड करावी लागते. स्ट्रॉबेरी आणि क्रीमच्या लिक्विडवर मी सलग आठवडाभर डोकं लावलं. १३ ला स्ट्रॉबेरी, १६ ला क्रीम, आणि साडेचौदाला दोघंही अर्धीमुर्धी. शेवटी मी १३ निवडलं, कारण उरलेलं क्रीम नाकातून वाफ सोडताना मिळतंच.

पुदिना आणि बर्फाळ चवींबद्दल मला थोडी काळजी वाटते. मेंथॉल जीभ-घशातल्या थंडी ओळखणाऱ्या संवेदकांनाच चेतवतं, त्यामुळे वाफ प्रत्यक्षात गरम असूनही थंड भासते. कॉइल जास्त तापतेय हे कळण्याची सोयच ते हिरावून घेतं. म्हणून अशा लिक्विडसाठी मी जिभेवर विसंबत नाही. वेगळ्या, बिनथंडीच्या लिक्विडवर त्या कॉइलची मर्यादा आधी पाहून ठेवते आणि त्याखालीच राहते.

योग्य आच शोधायची कशी

नवी कॉइल असेल तर कापसावर थेट चार-पाच थेंब सोडा, टँक, म्हणजे लिक्विडची टाकी, भरा आणि पंधरा मिनिटं तसाच उभा ठेवा. कापूस आतपर्यंत ओला व्हायला तेवढा वेळ लागतो. ही पंधरा मिनिटं घाईत खाल्ली तर पहिल्याच झुरक्याला कापूस करपतो, आणि तो वास नंतर काहीही केलं तरी जात नाही. कॉइल फेकावीच लागते.

कॉइलवर वॉटची कक्षा छापलेली असते. माझी नेहमीची ०.८ ओहमची आहे आणि तिच्यावर १० ते १८ असं लिहिलंय. सर्वांत खालच्या आकड्यावर सुरुवात करा. प्रत्येक टप्प्यावर तीन झुरके, तेही सारखे: मनात तीनपर्यंत मोजून. दोन झुरक्यांत अर्धा मिनिट थांबा, म्हणजे कापूस पुन्हा भिजेल आणि तार निवेल. मग अर्धा वॉट वर. दर वेळी एक शब्द लिहून ठेवा. "ओलसर", "फिका", "उघडतोय", "भरला", "मिट्ट गोड", "खरखर" असे माझे शब्द आहेत. तुमचे वेगळे असतील, पण ते लिहिलेच पाहिजेत. चवीची आठवण पाच मिनिटांतच आपल्या सोयीची होऊन जाते.

वाफ नाकातून सोडा. जिभेला गोड, आंबट, खारट, कडू अशा मोजक्याच चवी कळतात. संत्रं की लिंबू हे ठरवतं नाक, आणि तेही घशामागून वर येणाऱ्या वासावरून. टप्प्यांच्या मधे घोटभर साधं पाणी प्या. जेवणानंतर किंवा कॉफीनंतर लगेच हा प्रयोग करायचा नाही, आणि एका बैठकीत एकच लिक्विड.

अगदी खालच्या टप्प्यावर वाफ ओली, पातळ असते. कधी आतून खळखळ ऐकू येते आणि ओठाला लिक्विडचा थेंब लागतो. कॉइल पुरेशी तापत नाहीये, लिक्विड वाफ न होता आत साठतंय. अर्धा-एक वॉट चढवला की चव एकदम उघडते. त्यापुढे वॉट-दीड वॉटचा सपाट पट्टा येतो, तिथे फारसा फरक पडत नाही, फक्त वाफ वाढते. मग एका टप्प्यावर वरचा ताजा वास गळून पडतो आणि तळाचा गोडवा पुढे येतो. तिथेच थांबा आणि एक वॉट मागे या. खरखर लागेपर्यंत चढत जायचं काही कारण नाही.

हे बसलं की हवेची खिडकी, म्हणजे टँकला हवा आत घ्यायची जी फट असते ती, फिरवून पाहा. हवा जास्त सोडली की तार निवते आणि वाफ थंड पण विरळ होते. कमी केली की ती दाट आणि उबदार होते. फळांना मी खिडकी अर्ध्याहून जास्त उघडी ठेवते, व्हॅनिलाला पाव. खिडकी बंद करत गेलात तर वॉटही थोडे उतरवा.

माझ्या धाकट्या भावाची गोष्ट सांगितलीच पाहिजे, कारण हीच चूक मी सगळ्यात जास्त पाहते. एका संध्याकाळी तो बाटली पुढे करत म्हणाला, "ताई, यात काही दमच नाही गं. बनावट आहे वाटतं." मी पाहिलं तर २४ वॉट. सुरुवात त्याने १३ वर केली होती आणि महिनाभर सकाळपासून रात्रीपर्यंत तेच एक लिक्विड ओढत होता. चव फिकी वाटली की दोन वॉट वर, पुन्हा फिकी वाटली की पुन्हा दोन. लिक्विडला काहीही झालं नव्हतं. त्याचं नाक त्या वासाला सरावलं होतं, जसं आपल्याच घराचा वास आपल्याला येत नाही. आच वाढवून सरावलेलं नाक जागं होत नाही. फक्त वाफ जास्त, निकोटीन जास्त आणि कॉइल काळी. मी त्याला कॉइल बदलून दिली आणि तीन दिवस बिनवासाचं साधं लिक्विड ओढायला सांगितलं. चौथ्या दिवशी १३ वर पहिला झुरका घेऊन तो म्हणाला, "अगं, हीच बाटली होती ती?"

तापमान नियंत्रण असलेलं यंत्र

काही यंत्रांवर वॉटऐवजी थेट अंश ठरवता येतात. त्यामागची कल्पना साधी आहे. धातू तापला की त्याचा विद्युतरोध वाढतो, आणि यंत्र रोध मोजून तापमानाचा अंदाज करतं. २० वरून २२० अंशांवर गेल्यावर शुद्ध निकेलचा रोध दुपटीहून वाढतो, ३१६ जातीच्या स्टीलचा साधारण १८ टक्के. कांथल या मिश्रधातूचा जवळजवळ हलतच नाही, म्हणून कांथलच्या कॉइलवर ही सोय चालत नाही. मी स्टील वापरते, कारण ते वॉटवरही चालतं. निकेल आणि टायटॅनियम साध्या वॉटवर लावू नका आणि लालभडक तर कधीच करू नका.

फळांसाठी मी २०० पासून सुरुवात करते आणि पाच-पाच अंशांनी चढते. माझी बहुतेक फळं २०० ते २१५ मध्ये, व्हॅनिला २२० ते २३० मध्ये बसते. कोरडा कापूस २१०-२२० च्या पुढे तपकिरी पडू लागतो, त्यामुळे २३० च्या वर मी जात नाही. यंत्र फॅरनहाइटवर असेल तर २०० अंश सेल्सिअस म्हणजे ३९२, आणि २३० म्हणजे ४४६.

यातली एक चूक मला महागात पडली. टँक भरून लगेच परत लावला, यंत्राने "नवीन कॉइल?" विचारलं आणि मी "हो" दाबलं. कॉइल तेव्हा गरम होती. यंत्राने तो वाढलेला रोधच थंड कॉइलचा रोध म्हणून धरला. आता हिशोब पाहा. स्टीलची कॉइल २० अंशांना ०.५० ओहम असते. ६० अंशांना ती ०.५१८ होते. यंत्र ०.५१८ ला २० अंश समजून २१० साठी लागणारा रोध काढतं, तो येतो सुमारे ०.६०९. खऱ्या कॉइलचा रोध तिथे पोचतो तेव्हा ती जवळजवळ २५५ अंशांवर असते. पडद्यावर २१०, तारेवर २५५. पाचव्या-सहाव्या झुरक्याला घसा धरला तोवर मला पत्ताच नव्हता. म्हणून कॉइलची नोंद घेताना ती खोलीच्या तापमानाला येऊ द्या, मी दहा मिनिटं थांबते. मगच रोध लॉक करा.

करपट चव आली तर

थांबा. दुसरा झुरका घेऊन "खरंच करपलंय का" हे तपासू नका. ग्लिसरीन अति तापलं की त्यातून अॅक्रोलीन तयार होतं. धुरावर आलेल्या तेलाचा जो डोळ्यांना झोंबणारा वास असतो, तो त्याचाच. फॉर्माल्डिहाइड आणि अॅसिटाल्डिहाइडही तयार होतात. २०१५ साली न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमध्ये एक पत्र छापून आलं होतं. ३.३ व्होल्टवर त्या संशोधकांना फॉर्माल्डिहाइड सोडणारी संयुगं सापडली नाहीत, त्याच यंत्रावर ५ व्होल्टला मात्र सापडली. त्यावर आक्षेप असा आला की ५ व्होल्टवर ती वाफ इतकी करपट असेल की कुणी ओढणारच नाही. मला दोन्ही बाजूंतून एकच गोष्ट घ्यावीशी वाटते: करपट चव ही सूचना आहे, तिला गोडव्याखाली दडपू नका. आणि करपट लागलं नाही म्हणजे आत काहीच तुटत नाहीये असंही समजू नका. कमी आचेवर समाधान मानण्याला माझ्या लेखी चवीइतकंच हेही कारण आहे.

करपट येण्याची कारणं बहुधा तीनच: वॉट जास्त, झुरके लागोपाठ, किंवा कापसापर्यंत लिक्विड पोचत नाहीये. तिसरं थंडीत हमखास होतं. ग्लिसरीनचा दाटपणा तापमानागणिक प्रचंड बदलतो. ४० अंशांना तो २० अंशांच्या मानाने साधारण पाचवा हिस्साच उरतो. गारठ्यात ७० टक्के व्हीजीचं लिक्विड मधासारखं सरकतं आणि कापूस मागे पडतो. तेव्हा टँक मिनिटभर मुठीत धरा, वॉट एकाने उतरवा, झुरके अंतराने घ्या. नाहीतर थंडीपुरतं अर्धं-अर्धं मिश्रण वापरा.

गोड लिक्विडचा दोष वेगळा आहे. त्यातलं सुक्रालोज, म्हणजे गोडव्यासाठी घातलेला कृत्रिम पदार्थ, वाफेबरोबर फारसं जात नाही. ते तारेवर बसतं, तापून तुटतं आणि काळा थर धरतं. त्या थराखाली तार जास्त तापते आणि नवं लिक्विडही जुन्या करपट साखरेसारखं लागतं. माझ्याकडे बिनसाखरेच्या संत्र्याची कॉइल तीन आठवडे चालली, मिट्ट गोड लिक्विडची पाच दिवस. काळ्या कॉइलवर चव शोधत बसण्यात वेळ घालवू नका.

लोणी-सायीच्या चवींच्या बाबतीत मी घटक वाचून घेते. लोण्याचा वास देणारं डायअॅसिटिल असेल तर ती बाटली नको. २००० साली अमेरिकेत मिसूरीतल्या पॉपकॉर्न कारखान्यातल्या कामगारांच्या फुप्फुसांचा गंभीर आजार उघडकीस आला आणि पुढे तो त्याच्या वाफेशी जोडला गेला. खायला चालणारा पदार्थ श्वासातही चालतो असं नाही.

शेवटचं बाटलीबद्दल. उष्णता कॉइलवर येण्याआधीच लिक्विड बिघडवू शकते. उन्हात उभ्या गाडीत राहिलेली बाटली काळपट होते, निकोटीन हवेशी संयोग पावून तिखट लागू लागतं आणि फळाचे हलके वास टोपणाच्या फटीतून निघून जातात. मग कितीही आच बदला, साल येत नाही. माझ्या बाटल्या कपाटाच्या खालच्या, अंधाऱ्या खणात कुलुपात असतात. कुलूप आहे कारण निकोटीनचं लिक्विड लहान मुलाच्या पोटात किंवा अंगावर गेलं तर जिवावर बेतू शकतं. प्रत्येक बाटलीवर कागदाची पट्टी चिकटवलेली आहे. संत्र्यावरच्या पट्टीवर लिहिलंय: "११, खिडकी पाऊण, तीन मोजून."